जुन्या वॅगनआरचा एसी : आधी क्लच पाहा

भाऊ, २००८ ची वॅगनआर, पांढरकवड्याच्या मेकॅनिकनं कॉम्प्रेसर गेला म्हटलं, आता नवा घ्यावा की भंगारातला, असं तुम्ही विचारलं. आधी एसीचा क्लच तर पाहा, म्हणजे कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा भाग. त्याच्या कॉइलला थेट १२ व्होल्ट दिल्यावर 'टक्' होऊन पुढची प्लेट चिकटली नाही, तर नुसती कॉइल बदलून भागू शकतं. गॅस कमी असला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल, तर पाइप खोलून आतलं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. चमकणारा चुरा दिसला की कंडेन्सरही (गॅस थंड करणारी पुढची जाळी) बदला. त्याच्या बारीक नळ्या फ्लशनं, म्हणजे आतून धुऊन, नीट साफ होत नाहीत, अन् तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरला खातो. भंगारातला घ्यायचाच तर पोर्टला बुचं लावलेला पाहा. तोंड उघडं ठेवून पावसाळा काढलेला फुकट दिला तरी नको. मला विचाराल तर सुब्रोस कंपनीचा नवा, मारुतीला एसीचा माल तेच पुरवतात.

रिसीव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) नवाच टाका, गॅस आर-१३४ए, तेल पीएजी. गॅस भरण्याआधी पंपानं आतली हवा अन् ओलावा ओढून काढायचा, तो व्हॅक्यूम किमान अर्धा तास. "पाच मिनिटं पुरे जी" म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. अन् जमलं तर मार्चच्या आधीच उरका, मग गॅरेजवाले फोन उचलत नाहीत.