मदत हवी आहे : हास्यजत्रेच्या कलाकारांची क्रमवारी लावतेय, जोडीतल्या दोघांना वेगळे नंबर द्यायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. ५ नोव्हेंबरच्या आत एक यादी पुरी करायची आहे आणि घरात पाच जणांची पाच मतं झाली आहेत. नाटक-एकांकिकांचं परीक्षण केलेलं कुणी इथे असेल तर खरंच सांगा, मी गंभीरपणे विचारतेय.

यादी आहे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधल्या कलाकारांची. यंदाच्या हंगामात पहिला कोण, दुसरा कोण, अशी. टीव्हीवाल्यांचा हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो याच्याशी आमचं देणंघेणं नाही. आमचा हंगाम दिवाळी ते दसरा. दसऱ्याला वही पूजेला ठेवायची, मग बेरजा करायच्या आणि रंगभूमी दिनाला, म्हणजे ५ नोव्हेंबरला, यादी वाचायची. माझे सासरे, अण्णा, त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात भावे गौरव पदकाच्या कार्यक्रमाला जाऊन येतात आणि जेवणं झाल्यावर यादी तेच वाचतात. १८४३ साली ज्या तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिला खेळ केला, त्या तारखेला नटांची नावं नीट, विचार करून घेतली पाहिजेत असं ते म्हणतात. म्हणून तर एवढी घालमेल.

वही कशी सुरू झाली ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा वन्सं, त्यांचे यजमान, मुलं, चुलत जाऊबाई सगळे गावभागातून आमच्याकडे आले. अकरा माणसं आणि दोन खोल्या. पिण्याच्या पाण्यासाठी रांग, दूध मिळेल तेव्हा मिळेल. वन्संचं घर पाण्याखाली होतं आणि त्या तीन दिवस भिंतीला टेकून नुसत्या बसून होत्या. चौथ्या रात्री मुलं झोपेनात म्हणून मोबाइलवर हास्यजत्रेचा एक जुना भाग लावला. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार होते. मध्येच वन्सं हसल्या. पदर तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, त्याने दप्तरातली वही काढली आणि मागच्या पानावर लिहिलं, 'समीर चौघुले १०'. ती वही अजून आहे. त्याच पानावर खाली, गाळ काढायला न्यायच्या खराट्यांची आणि घमेल्यांची यादी आहे.

आता पद्धत अशी : अण्णा, वन्सं, जाऊबाई, मुलगा आणि मी, पाच जण प्रत्येक स्किटमधल्या प्रत्येक कलाकाराला दहापैकी गुण देतो. पाचांची सरासरी वहीत चढते. वर्षअखेरीला बेरीज, आणि बेरजेप्रमाणे क्रम. आजवर हे निभावलं. यंदा अडलं.

पहिली अडचण साधी आहे. बेरीज केली की जो जास्त भागांत दिसला तो आपोआप वर जातो. सरासरी काढली की तीनच स्किटं केलेला चौथ्या नंबरवर येऊन बसतो.

दुसरी, समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर स्किटं लिहितातही. जे वाक्य ऐकून आपण लोळतो ते त्यांनीच लिहिलेलं असेल तर त्याचे गुण अभिनयात धरायचे का? माझा मुलगा म्हणतो धरायचे, मला पटत नाही.

खरी अडचण तिसरी. ती अण्णांनी काढली आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

मी कच्ची यादी वाचत होते. वर समीर चौघुले, मग नम्रता संभेराव, मग प्रसाद खांडेकर. त्याखाली वनिता खरात, पृथ्वीक प्रताप, शिवाली परब, प्रभाकर मोरे यांच्यात अर्ध्या-पाव गुणाचा फरक. (शेवटची चार नावं इथे लिहीत नाही. त्यांच्यावर आमच्या पद्धतीने अन्याय झालाय असंच मला वाटतंय.) अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काळूला पयला नंबर दिलास, तर मग बाळूला कितवा देशील?"

अण्णांचं आजोळ बुधगाव. शेजारीच कवलापूर, काळू-बाळूंचं गाव. त्या जुळ्या भावांचे तमाशे अण्णांनी कनातीच्या आत-बाहेर उभं राहून कितीदा पाहिलेत याला गणती नाही. 'जहरी प्याला'तले दोन हवालदार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मी म्हटलं, अण्णा, ते जुळे होते, दोघं सारखेच. तर उठले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून उठले, नातवाला शेजारी उभं केलं आणि त्याला एक वाक्य दिलं : "साहेब, चोर सापडला, पण त्यानं मलाच धरलंय."

पहिल्यांदा पोराने वाक्य म्हटलं तेव्हा अण्णा वर पंख्याकडे बघत राहिले. कुणी हसलं नाही. "पुन्हा म्हन." दुसऱ्यांदा पोरगं 'चोर सापडला' म्हणालं तशी अण्णांची मान ताठ झाली, हात सलामाला वर गेला, आणि 'मलाच धरलंय' ऐकून तो हात कपाळापाशी पोचायच्या आधीच हवेत थांबला. थांबला तो थांबलाच. जाऊबाईंच्या हातातला चहा सांडला. वाक्य तेच, म्हणणारा तोच, म्हणायची ढबही तीच.

"आता वहीत कुनाला दहा देशील?" असं विचारून अण्णा खाली बसले.

मी उलटी पानं चाळली. सहा वर्षं आम्ही गुण दिलेत ते बहुतेक बोलणाऱ्याला. ज्याच्या तोंडी पंच आहे त्याला आठ-नऊ, समोर उभा राहून तो पंच झेलतो त्याला पाच-सहा. चेतना भट, ईशा डे, रसिका वेंगुर्लेकर, श्याम राजपूत यांची किती स्किटं मी अशी वाया घालवली असतील, मला आठवून वाईट वाटतं. नम्रताचा वर नंबर लागला तो लॉलीसारख्या भूमिकांमुळे, पण ती दुसऱ्याचं ऐकत असताना काय करते हे आम्ही कधी टिपलंच नाही.

तर विचारायचं आहे ते एवढंच : जोडीने केलेल्या कामाचे गुण वेगळे कसे काढायचे? की काढूच नयेत? आणि बाकी दोन अडचणींवरही कुणी उपाय सांगितला तर उपकार होतील.

---

शाहूनगरी_सातारा

ताई, मी साताऱ्यात शालेय आणि हौशी एकांकिकांना परीक्षक म्हणून बसत आलोय, त्या अनुभवातून सांगतो.

अण्णांना माझा नमस्कार सांगा. आम्हाला परीक्षणाच्या कागदावर हा रकाना वर्षानुवर्षं नव्हता. मग आम्ही दोघा परीक्षकांनी आपापसात वाटणी केली : एकाने बोलणाऱ्याकडे बघायचं, दुसऱ्याने फक्त न बोलणाऱ्याकडे. शाहू कला मंदिरात पहिल्यांदा असं बसलो तेव्हा माझ्या वाट्याला न बोलणारे आले होते, आणि माझा पहिला नंबर समोरच्या परीक्षकाच्या यादीत पहिल्या पाचांतही नव्हता. तुम्ही पाच जण आहात. दोघांनी आलटून पालटून फक्त ऐकणाऱ्याकडे बघा. वहीत दुसरा रकाना करा, त्याला 'साथ' म्हणा.

दुसरं, गुण कधी लिहिता? प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर बोलून झाल्यावर लिहीत असाल तर ते गुण निम्मे त्यांचे असतात. परीक्षकांची दाद कानावर पडली की आपला हात सैल सुटतो. स्किट संपलं की लगेच आवाज बंद करा, पाचही जणांनी आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहा, मग आवाज सुरू करा.

लेखनाचं म्हणाल तर ते अभिनयात मिसळू नका. वाक्य चांगलं असणं आणि ते चांगलं पोचवणं ही दोन कामं आहेत. एकाच माणसाने दोन्ही केली तर त्याला दोन वेगळे मान द्या.

---

तासगावकर

आमच्याकडे बेदाण्याची प्रतवारी करतात तेव्हा हिरवा वेगळा, पिवळा वेगळा काढतात. हिरव्यातला एक नंबर आणि पिवळ्यातला एक नंबर, यातला भारी कोणता हे प्रतवारी करणारा विचारत नाही. तुम्ही सगळा माल एकाच चाळणीत घातलाय. सोंगं घेणारे एकीकडे, घरातला साधा माणूस उभा करणारे एकीकडे, नाचून-गाऊन उडवून देणारे एकीकडे काढा. प्रभाकर मोरे 'शालू' म्हणत कमरेत वाकले की आमचं अख्खं घर उठून नाचतं. त्यांना श्याम राजपूतशी कशाला तोलायचं?

---

आकडेमोड

मी आकड्यांपुरतं सांगतो. कमी स्किटं केलेला वर चढू नये आणि मागेही पडू नये, यासाठी एक सोपी युक्ती आहे. सगळ्या कलाकारांची मिळून वर्षाची सरासरी काढा. समजा ती ६.५ आली. आता प्रत्येकाच्या खात्यात ६.५ गुणांची दहा काल्पनिक स्किटं घाला आणि मग सरासरी काढा.

उदाहरणच घ्या. एकाची ३८ स्किटं, सरासरी ६.९. दुसऱ्याची ११, सरासरी ७.८. तिसऱ्याची तीनच, सरासरी ७.६. तुमच्या बेरजेने पहिला फार पुढे जातो, साध्या सरासरीने तोच तळाला जातो. दहा स्किटं मिसळल्यावर दुसरा ७.१८, पहिला ६.८२, तिसरा ६.७५. अकरा वेळा चांगलं काम करणारा वर राहिला, तीनदाच दिसलेला थोडा मागे आला. मला तरी हा क्रम न्यायाचा वाटतो.

आणखी एक. घरात कुणीतरी सगळ्यांना नऊच देणारं असतं आणि कुणीतरी चारपासून नऊपर्यंत फिरणारं. अशा वेळी चारवाल्याचं मत यादीवर जास्त चढतं, कारण नऊवाल्याच्या आकड्यांनी क्रम हलतच नाही. म्हणून गुण देण्याऐवजी त्या स्किटमध्ये कोण पहिला, कोण दुसरा, एवढंच प्रत्येकाने लिहावं.

---

कृष्णाकाठ

मला अण्णांचं अर्धंच पटलं, क्षमा असावी. जोडीला एकच नंबर दिला की आपण बघायचं थांबतो. काळू-बाळू आयुष्यभर एकमेकांसोबतच उभे राहिले, म्हणून त्यांना वेगळं करता येत नाही. हास्यजत्रेत तसं नाही. तिथे जोड्या मोडतात आणि नव्या जुळतात. विशाखाताई बाहेर पडल्या, तरी समीर चौघुले रोज नव्या माणसासमोर उभे राहिलेच. गौरव मोरे गेला, त्याच्यासोबत कामं करणारे आता दुसऱ्यांसोबत करतात.

तेव्हा वहीत 'समोर कोण होतं' हा रकाना घाला. मग वर्षअखेरीला एक गोष्ट बघा : अमुक माणूस समोर असताना बाकीच्यांचे गुण वाढतात का? चार वेगवेगळ्या लोकांचे गुण एकाच माणसासमोर वाढत असतील तर तो झेलणारा मोठा नट आहे. त्याचा स्वतःचा आकडा पाच असला तरी.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अण्णांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. साताऱ्याच्या दादांचा नमस्कार पोचवला, त्यांनी हात जोडले.

कृष्णाकाठ, तुमचं वाचल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. जोडी फुटल्यावर कळतं." अण्णांनी इतक्या चटकन ऐकलेलं मी लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं.

'समोर कोण होतं' हे आमच्या जुन्या नोंदींत नाही, पण सुदैवाने एका स्किटमधल्या सगळ्यांचे गुण एकाखाली एक आहेत, त्यामुळे काढता येतं. मुलाने आणि मी रात्री एक वाजेपर्यंत बसून अर्धं वर्ष उलगडलं. जे दिसलं ते आधी कधी दिसलं नव्हतं. प्रसाद खांडेकर ज्या स्किटमध्ये आहेत त्यात नम्रताचे गुण चांगले आहेत हे अपेक्षितच होतं, पण त्यात बाकी सगळ्यांचेही वाढलेत. आणि शेवटच्या चारांतलं एक नाव असं निघालं की ते असताना इतर पाच जण आपापल्या वर्षाच्या सरासरीच्या वर आहेत. आम्ही त्या माणसाला वर्षभर पाच-साडेपाच देत होतो. नाव ५ तारखेला अण्णा वाचतील, त्याआधी उरलेलं अर्धं वर्ष तपासून घेते.

दहा स्किटं मिसळण्याची युक्ती वापरली, क्रम बराच सावरला. सगळ्यांना नऊ देणाऱ्या वन्सं आहेत. त्यांना क्रम लावायला सांगितल्यावर म्हणाल्या, त्या रात्री ज्यांनी मला हसवलं त्यांना मी दुसरं-तिसरं म्हणणार नाही. त्यांचं मत वेगळ्या पानावर तसंच ठेवायचं ठरवलं आहे, बेरजेत न धरता.

तासगावकर, प्रकार वेगळे करणं पटलं, पण सोंगं कोणती आणि साधी माणसं कोणती यावर आमच्यात पुन्हा दोन तट पडलेत. वनिता खरातला तुम्ही कशात घालाल? ती दोन्हीत तितकीच खरी वाटते. याचं उत्तर रविवारच्या आत मिळालं तर बरं होईल, रविवारी दुपारी आम्ही पक्की यादी लिहायला बसतोय.