कायद्याचा शब्द की हेतू? न्यायाधीशांनी काय वाचावं?

गोदाकाठ (धागाकर्ता):
निफाड-दिंडोरी पट्ट्यात सातबाऱ्यावरच्या नावावरून घरं फुटतात, म्हणून हा विषय काढतोय. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 6 संसदेनं बदललं आणि 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगीही मुलासारखी सहदायाद, म्हणजे हक्काची वाटेकरी, झाली. 2015 मध्ये फुलवतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या तारखेला बाप हयात हवा. 2018 मध्ये दानम्माच्या खटल्यात बाप 2001 लाच वारलेला, तरी मुलींना वाटा मिळाला. 2020 मध्ये विनीता शर्मा निकालात तीन न्यायाधीशांनी सांगितलं, बाप हयात असण्याची गरजच नाही. कलमातला काना-मात्राही या काळात बदलला नव्हता. 2016 मध्ये 'बहिणींचा वाटा निघत नाही' असा सल्ला मिळाल्यावर ज्यानं द्राक्षबागेवर कर्ज काढलं, त्यानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? न्यायाधीशांनी लिहिलंय तेवढंच वाचावं. दुरुस्ती हवी असेल तर ती संसद करेल.

निफाडची लेक:
दादा, लिहिलंय तेवढंच वाचलं तर बहिणीच जिंकतात. कलमात मुलगी 'जन्मानं' सहदायाद होते असं लिहिलंय. हक्क जन्मानं आला, तर बाप कधी वारला याचा संबंध येतोच कुठे? 'हयात सहदायादाची हयात मुलगी' ही अट 2015 च्या निकालानं घातली, संसदेनं नव्हे. शिवाय 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या विक्रीला आणि वाटपाला कायद्यानं हात लावलेला नाही. मग धक्का कुणाला बसला? वाटप न करता बहिणींना डावलून बसलेल्यांना. आमच्याकडे दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रावर सही घेताना 'सही कर, माहेर तुटणार नाही' असं सांगतात. ती सही करणारीला आपला हक्क जन्माचा आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

सीबीएसचा वकील:
ताईंशी सहमत, पण प्रत्येक वेळी शब्दावर भागत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम 7 बघा. जानेवारी 2021 मध्ये नागपूर खंडपीठानं 'शारीरिक संपर्क' म्हणजे त्वचेला त्वचेचा स्पर्श असा अर्थ लावला. कपड्यांवरून केलेला स्पर्श लैंगिक हल्ल्यातून वगळला गेला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. त्वचा हा शब्द कलमात नव्हताच, आणि मुलांना वाचवायला केलेला कायदा त्या अर्थानं निकामी झाला असता. इंग्लंडमध्ये 1584 च्या हेडन खटल्यापासून न्यायाधीश हेच विचारत आलेत: आधी कायदा काय होता, त्यात खोट कुठे होती, उपाय कोणता केला आणि का केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1955 मध्ये बेंगॉल इम्युनिटी खटल्यात हीच कसोटी लावली.

गोदाकाठ:
वकीलसाहेब, फौजदारी कायद्यात तर शब्द आणखी घट्ट धरायला हवा. इंग्लंडमध्ये एका दुकानदारानं काचेत बटणाचा चाकू किंमत लावून मांडला. विक्रीचा प्रस्ताव देणं गुन्हा होतं, पण करार कायद्यात नुसतं मांडणं म्हणजे प्रस्ताव नव्हे, म्हणून 1960 मध्ये तो सुटला. पुढच्याच वर्षी संसदेनं कायदा दुरुस्त केला. असंच व्हायला हवं. अकोल्याच्या विड्याच्या पानांचा खटला घ्या. विक्रीकरात भाजीपाल्याला सूट होती; 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वनस्पतीशास्त्र बाजूला ठेवून बाजारात लोक भाजी कशाला म्हणतात ते पाहिलं आणि पानांना सूट नाकारली. सामान्य माणसाला कळेल तोच अर्थ खरा.

सीबीएसचा वकील:
त्या मधल्या एका वर्षात चाकू विकले गेले असते, तर? आणि पोक्सोमध्ये संसदेची वाट पाहायची म्हणजे तोवरच्या मुलांना काय उत्तर देणार?

पंचवटीकर:
मूळ अडचण राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 ची आहे. सर्वोच्च न्यायालयानं लावलेला अर्थ देशातल्या प्रत्येक न्यायालयावर बंधनकारक, म्हणजे तो अर्थच कायदा होतो. मग तो फिरवताना नवा अर्थ पुढच्या व्यवहारांपुरताच लागू करावा. 1967 च्या गोलकनाथ निकालात तसं केलंही होतं. बागेवर कर्ज काढणाऱ्याचा प्रश्न त्यानं सुटला असता.

निफाडची लेक:
आणि 2015 च्या निकालामुळे ज्या बहिणी दावा हरल्या, त्यांचा? त्यांनी कलमाचा अर्थ बरोबर लावला होता. दुसऱ्याच्या चुकीच्या अर्थाचा भुर्दंड त्यांनी जमीन गमावून का भरायचा, हे मला कुणीतरी सांगा.