मदत हवी आहे: फिलिपिनो दिग्दर्शक मान्युएल कोंदे यांचा सिनेमा 'हुआन तामाद गोज टू काँग्रेस' (१९५९)

आमच्या छोट्या फिल्म ग्रुपमध्ये जुन्या फिलिपिनो कॉमेडीतल्या राजकीय टीकेवर बोलायचंय आणि मला सुरुवात याच सिनेमापासून करायचीय. हुआन तामाद म्हणजे तिकडच्या लोककथेतला आळशी पोरगा, पेरूच्या झाडाखाली तोंड उघडून आडवा पडणारा की पेरू आपणहून तोंडात पडेल, अगदी 'दे रे हरी खाटल्यावरी', आणि त्यालाच कोंदेंनी थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत पाठवलं, ही कल्पनाच मला जबरदस्त वाटते.

आधीचे राष्ट्राध्यक्ष मॅगसायसाय विमान अपघातात गेल्यावर १९५७ मध्ये गार्सिया राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचं 'फिलिपिनो फर्स्ट' (परदेशी कंपन्यांपेक्षा फिलिपिनो उद्योगांना प्राधान्य) धोरण, एवढं बॅकग्राउंड वाचून झालंय. यूट्यूब पालथं घातलं, सबटायटलवाली कॉपी मिळाली नाही. एका अर्काइव्हला मेल केला, उत्तर नाही. टागालोग येत नाही, इंग्रजी चालेल. पायरेटेड लिंक नको, कारण स्क्रीनिंग सगळ्यांसाठी खुलं आहे. तिकडच्या कॉमेडियन डॉल्फीचे सिनेमे प्लीज सुचवू नका, ते नंतर घेणार आहोत.

तर इंग्रजी सबटायटलसह अधिकृत कॉपी आणि दाखवायची परवानगी कुठे मिळेल, आणि यातले कुठले प्रसंग थेट गार्सियांच्या काळातल्या राजकारणावर आहेत हे कुणी सांगू शकेल का?