मदत हवी आहे: बिशप जॉन फिशर यांच्या खटल्यातला एक शब्द

नमस्कार मंडळी. वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या अंकासाठी रॉचेस्टरचे बिशप संत जॉन फिशर यांच्यावर लेख लिहितेय. राजा आठवा हेन्री चर्चचा प्रमुख नाही, असं म्हटल्याबद्दल २२ जून १५३५ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. चरित्र लिहून झालंय, अडलंय ते खटल्यापाशी.

राजाची ‘चर्चचा प्रमुख’ ही पदवी ‘मॅलिशियसली’ (maliciously) नाकारणं हा नव्या कायद्याने राजद्रोह होता. राजाचा वकील रिचर्ड रिच तुरुंगात आला आणि म्हणाला, राजाला तुमचं मत खासगीत हवंय. थकलेल्या, आजारी फिशरनी विश्वासाने सांगितलं. तेच पुरावा झालं! मागितलेलं मत प्रामाणिकपणे दिलं, त्यात ‘मॅलिस’ कुठला, हा त्यांचा बचाव; न्यायाधीशांनी तो फेटाळला.

या ‘मॅलिशियसली’साठी मराठीत ‘द्वेषाने’ फार भावनिक वाटतं. ‘जाणूनबुजून’ लिहिलं तर बचावच कोसळतो, कारण ते जाणूनबुजूनच बोलले होते. ‘दुष्ट हेतूने’ त्यातल्या त्यात जवळचं, पण पटत नाही. शब्दकोश पाहून झाले. तळटीप देता येणार नाही, आणि घरोघरी आजी-आजोबांना अंक मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणून शब्द ऐकताच कळायला हवा.

कोर्टाच्या मराठीत यासाठी कोणता शब्द रूढ आहे?