मदत हवी आहे: ब्यूएरच्या आवाहनाची मांडणी – वेळ, मुद्रा, वर्तुळ तपासून द्या (मंचावरची चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सांजवात

गोएशिया या स्पिरिट-आवाहनाच्या जुन्या पोथीतल्या ७२ स्पिरिट्सपैकी दहावा, ब्यूएर, याच्या आवाहनाची तयारी चालू आहे. हेतू एकच: घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीची जुनी गुडघेदुखी. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत आणि चालूच राहतील, तेव्हा त्यावर सल्ला नको. मांडणी अशी ठरवली आहे:

वेळ: सूर्य धनु राशीत असताना, म्हणून पंचांगातला धनुर्मास. बुधवार, दिवेलागणीला.
मुद्रा (स्पिरिटचं रेखाचिन्ह): ब्यूएर प्रेसिडेंट दर्जाचा, आणि त्या दर्जाला पारा सांगितला आहे. जुन्या थर्मामीटरमधला पारा काचेच्या कुपीत घालून ती मुद्रेच्या कागदामागे चिकटवायची. मुद्रा त्रिकोणात (स्पिरिट जिथे प्रकट व्हायचं ती जागा) ठेवायची.
वर्तुळ: खोली १० बाय १२ फूट, त्यात ९ फुटांचं वर्तुळ. रांगोळीने.
त्रिकोणात काळा आरसा, मागे ब्यूएरचं चित्र (सिंहाचं तोंड आणि भोवती पाच पाय).
धूप: लोबान.

हा आराखडा जुळत नाही असं वाटतंय. त्रिकोण खोलीत मावत नाही आणि आरशात मेणबत्तीशिवाय काही दिसत नाही. कुठे चुकतंय?

जुनी पोथी

आधी पारा. थर्मामीटर फोडू नका. पाऱ्याची वाफ खोलीच्या तापमानालाही होते, दिसत नाही आणि वास येत नाही. त्यात तुम्ही शेजारी निखारा ठेवणार, बंद खोलीत दोन तास बसणार, आणि घरात वयस्कर माणूस. कुपी हातातून सुटली तर फरशीच्या सांध्यांत गेलेले थेंब निघत नाहीत. पोथीतला पारा हा 'बांधलेला', घट्ट केलेला पारा आहे. आपल्याकडे रसशास्त्रात पारद बांधण्याची जी कल्पना आहे, तिच्याच जातीची. ते घरी करायचं काम नाही. पितळेची चकती घ्या. पुष्कळ साधक बुधाच्या धातूऐवजी हेच करतात.

दुसरं, मुद्रेची जागा. मूळ सूचना अशी की मुद्रा आवाहन करणाऱ्याने छातीवर घालायची. सोळोमनचा पंचकोन (पाच टोकांचा तारा) सोन्यावर किंवा चांदीवर काढून गळ्यात घालतात आणि त्याच्या मागच्या बाजूला त्या स्पिरिटची मुद्रा असते. म्हणजे एकच पदक, दोन बाजू. पुढे हळूहळू मुद्रेची एक प्रत त्रिकोणात ठेवायची प्रथा पडली. ती हवी तर ठेवा, पण छातीवरची सोडू नका. तुमच्या मांडणीत तुमच्या अंगावर काहीच नाही, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. षट्कोनही (सहा टोकांचा तारा) लागतो. तो वासराच्या कातड्यावर काढून पांढऱ्या अंगरख्याच्या घेरावर लावायचा आणि तागाच्या कापडाने झाकायचा, असं दिलं आहे. कातडं नको असेल तर जाड हातकागद चालवून घेतात.

तिसरं, ते चित्र काढून टाका. पाच पायांचं चाक हे फ्रेंच 'दिक्स्योनेर एंफेर्नाल' या राक्षसकोशाच्या १८६३ च्या आवृत्तीतलं लुई ल ब्रेतोंचं रेखाटन आहे. गोएशियात त्याचा मागमूस नाही. तिथे ब्यूएर धनुर्धराच्या, म्हणजे धनु राशीच्या रूपात येतो, एवढंच आहे. आरशामागे चित्र ठेवलं की डोळे आधीपासून तेच शोधत बसतात.

होरा

वेळेत तीन चुका आहेत, आणि तिन्ही पंचांगाच्या सवयीतून आल्या आहेत.

एक. पाश्चात्त्य परंपरेची रास सायन, म्हणजे ऋतूंना धरून आहे. सूर्य सायन धनूत साधारण २२ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर असतो. आपला धनुर्मास निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी. दोन्ही जुळतात ते जेमतेम पाच-सहा दिवस. जानेवारीत केलंत तर त्या पद्धतीप्रमाणे सूर्य मकरेत गेलेला असेल. शिवाय गोएशियातलं ब्यूएरबद्दलचं वाक्य नीट वाचलं तर राशीचा उल्लेख त्याच्या रूपाबद्दल आहे. 'इतर महिन्यांत बोलावू नये' असं कुठे म्हटलेलं नाही. म्हणून माझ्या मते रास ही सोय समजावी, अट नव्हे. खरी अट चंद्राची: शुक्ल पक्ष, आणि चंद्राचं वय २, ४, ६, ८, १०, १२ किंवा १४ दिवस. हे वय म्हणजे तिथी नव्हे. तिथी १९ ते २६ तासांची असू शकते, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक सहज पडतो. अमावास्या संपल्याच्या क्षणापासून सरळ दिवस मोजा.

दोन. दिवेलागण. आपल्याला ती शुभ, पण इथे नेमकी वर्ज्य. प्रेसिडेंट दर्जाचे स्पिरिट कोणत्याही वेळी बोलावून बांधता येतात, मात्र संधिप्रकाशात आणि रात्री नाही. अपवाद एकच: त्यांच्यावरच्या राजाचं आवाहन आधी केलेलं असेल तर. चार दिशांचे राजे मोठ्या कारणाशिवाय बोलावू नयेत असंही तिथेच लिहिलं आहे. तेव्हा दिवसाच करा.

तीन. होरा (एकेका ग्रहाच्या अंमलाचा तास) ६० मिनिटांची धरू नका. सूर्योदय ते सूर्यास्त भागिले बारा. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईकडे धरा ६:५५ ते १८:००, म्हणजे ६६५ मिनिटं. एक होरा ५५ मिनिटांहून थोडी जास्त. बुधवारी पहिली होरा बुधाची, ६:५५ ते ७:५०. पुन्हा आठवी, १३:२३ ते १४:१८. साठ-साठ मोजलंत तर आठवी १३:५५ ला सुरू होते असं वाटेल, आणि खऱ्या होरेतली २३ मिनिटंच हाती उरतील. तुमच्या दिवेलागणीला तर बुधवारी रवीची होरा येते. दुपारची धरा, पडदे जाड लावा.

पितळकाम

वर्तुळाचं गणित. पोथीप्रमाणे वर्तुळ ९ फूट, त्यापासून त्रिकोण २ फूट दूर, त्रिकोणाची बाजू ३ फूट. समभुज त्रिकोणाची उंची २.६ फूट. एकूण १३.६ फूट लांबी लागते, म्हणून मावत नाही. सगळं दोन तृतीयांश करा: वर्तुळ ६ फूट, अंतर १ फूट ४ इंच, त्रिकोण २ फूट. एकूण ९ फूट १ इंच. फक्त वर्तुळ लहान करून त्रिकोण तेवढाच ठेवणं किंवा अंतर खाऊन टाकणं ही नेहमीची चूक. अंतर कमी झालं की धूपदाणी ठेवताना हात रेषेबाहेर जातो, आणि रेषेबाहेर हात काढायचा नाही हाच तर वर्तुळाचा अर्थ.

रांगोळी नको. अंगरख्याचा घेर लागला की रेष तुटते, पंख्याने उडते, आणि मध्येच दुरुस्त करायला वाकावं लागतं. जाड मांजरपाट अंथरा, मध्यभागी खिळ्याऐवजी कुणाला तरी दोरीचं टोक धरायला सांगा, ३ फूट दोरीला खडू बांधून फिरवा, मग रेषेवर ॲक्रेलिक रंग. वर्तुळातली देवनावं रंगवून झाल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या. नाहीतर घडी घातल्यावर अक्षरं एकमेकांना चिकटतात.

चकती: २२ गेजचं पितळ, अडीच इंच व्यास. मुद्रा कोरताना ट्रेसिंग कागद उलटा ठेवला जाऊन आरशातल्यासारखी उलटी मुद्रा कोरली जाते, हे फार होतं. कोरण्याआधी छापील मुद्रेशेजारी ठेवून ताडून बघा. गोएशियाच्या १९०४ च्या मॅथर्स-क्रॉलीच्या छापील आवृत्तीतल्या आकृत्या आणि ब्रिटिश लायब्ररीतली स्लोन संग्रहातली मूळ हस्तलिखितं यांत रेषांचे बारीक फरक आहेत. एकच घ्या, मिसळू नका. योहान वायरच्या १५७७ च्या स्पिरिट्सच्या यादीत शोधायला जाऊ नका, तिथे ब्यूएर आहे पण मुद्रा कुणाचीच नाही.

आरसा: फोटोफ्रेमची काच, काळा मॅट रंग मागच्या बाजूने, दोन-तीन पातळ हात. पुढून रंगवली तर आरशाला गहिरेपणा राहत नाही. वरचा काठ तुमच्यापासून थोडा मागे कलता ठेवा, म्हणजे स्वतःचा चेहरा न दिसता अंधारं छत दिसतं. मेणबत्त्या आरशासमोर नकोत, दोन्ही कुशींना, थोड्या मागे. बसून बघा, ज्योत आरशात दिसेनाशी होईपर्यंत सरकवत राहा. हे आधीच्या दिवशी करून फरशीवर खुणा करून ठेवा.

धूपदाणी

लोबान चालतो, पण 'हेप्टामेरॉन' या वारांप्रमाणे विधी सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात बुधवारचा धूप मस्तकी (एका झाडाचा डिंक) आहे. काष्ठौषधींच्या दुकानात 'रुमी मस्तकी' म्हणून मागा. निखाऱ्याची चकती पूर्ण राखाडी झाल्यावरच दोन-तीन दाणे टाका, वाटाण्याएवढे, आणि विरले की पुन्हा. मूठभर टाकली की करपट वास येतो आणि आरसा धुरकट दिसतो. चकती पितळी भांड्यात दोन बोटं वाळूवर ठेवा. एक खिडकी चार बोटं उघडी हवीच, कारण बंद खोलीतल्या निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. ज्यांच्यासाठी करताय त्यांना त्या खोलीत बसवू नका.

सांजवात

सर्वांचे आभार. पारा आणि चित्र रद्द. दोन प्रश्न राहिले: क्रम कसा ठेवू, आणि काहीच जाणवलं नाही तर पुढची कठोर आवाहनं म्हणायची का? सोबत राफाएल या देवदूतालाही हाक मारायचा विचार आहे.

जुनी पोथी

क्रम: स्नान, ५१ व्या स्तोत्रातली 'हिसॉपने मला शुद्ध कर' ही ओळ, अंगरखा, पदक. मग पंचकोनाचा लघु निष्कासन विधी (जागा शुद्ध करण्याचा), पूर्वेपासून प्रदक्षिणेच्या क्रमाने. त्यानंतर 'अजन्म्याचं' (बॉर्नलेस वन) प्राथमिक आवाहन. हे सतराव्या शतकातल्या हस्तलिखितांत नाही, १९०४ च्या आवृत्तीत जोडलं गेलं. मूळ ग्रीक-इजिप्शियन पपायरसमध्ये ते एखाद्याला पछाडलेल्या शक्तीपासून सोडवण्यासाठी आहे. तुमच्या हेतूला ते जवळचं म्हणून मी ते गाळणार नाही. मग पहिलं आवाहन, पाचेक मिनिटं शांत आरशाकडे, मग तेच पुन्हा. माझ्या मते जास्तीत जास्त तीनदा.

त्यापुढची कठोर आवाहनं नकोत. शेवटच्या टप्प्यात मुद्रा काळ्या लाकडी पेटीत गंधक आणि हिंग यांसोबत कोंडून, पेटीला लोखंडी तार गुंडाळून विस्तवावर धरायची असते. ज्याच्याकडे बरं करण्याचं दान मागायला गेलात, त्यालाच कोंडायचं? विनंती तशीच ठेवून पुढच्या योग्य बुधवारी पुन्हा बसा.

विनंती लेखी असू द्या, चार ओळींत: व्यक्तीचं नाव, कोणता गुडघा, काय हवं (उदाहरणार्थ आधाराशिवाय जिना उतरता येणं), किती मुदतीत, आणि हे कुणाचंही नुकसान न होता. 'सगळे आजार जावोत' अशी मागणी मोजता येत नाही, त्यामुळे फळ आलं की नाही हेही कळत नाही. ब्यूएर वनस्पतींचे गुण शिकवतो, म्हणून एखाद्या झाडपाल्याचं नाव मनात आलं तर वहीत लिहा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात देऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर.

राफाएल वेगळ्या बैठकीत. तिथेही एक गाठ आहे: 'हेप्टामेरॉन'मध्ये तो बुधवारचा, बुधाचा. गोल्डन डॉन या गूढविद्या संघटनेच्या सेफिरोथ (कब्बालातली दहा दैवी स्थानं) पद्धतीत तो तिफेरेथ या सूर्याच्या स्थानाचा, आणि बुधाच्या होद या स्थानावर देवदूत मिखाएल. बुधवार आणि मस्तकी घ्या किंवा रविवार आणि सूर्याचं साहित्य. एकाचा वार आणि दुसऱ्याचा धूप नको.

होरा

एक राहिलं. निरोपाचं वचन (लायसन्स टू डिपार्ट) म्हणायचंच, काही दिसलं-जाणवलं नसलं तरी. त्यानंतर पुन्हा पंचकोन विधी, आणि मगच रेषेबाहेर पाऊल. हे सगळं १४:१८ च्या आत बसवायचं तर अंगरखा, धूप, निखारा १३:१० पर्यंत तयार हवा. चकती राखाडी व्हायलाच दहा मिनिटं जातात.