रस्टमधील मोठा डेटा जावास्क्रिप्टकडे कमी खर्चात कसा न्यावा?

प्रश्न: रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली आकडेमोड मी वेबअसेंब्लीद्वारे (इतर भाषांतील कोड ब्राउझरमध्ये चालवण्याच्या पद्धतीने) ब्राउझरमध्ये चालवतो. आकडेमोड झटपट होते, परंतु लाखो दशांश संख्यांचा निकाल जेसन या मजकुराच्या स्वरूपातून ब्राउझरच्या भाषेकडे, म्हणजे जावास्क्रिप्टकडे, पाठवताना फार वेळ जातो. हा खर्च टाळता येईल का?

उत्तर १: संख्यांसाठी जेसन वापरूच नये, कारण प्रत्येक संख्येचा मजकूर करून तो पुन्हा वाचावा लागतो. वेबअसेंब्लीची मेमरी जावास्क्रिप्टला थेट वाचता येते. म्हणून रस्टकडून केवळ डेटाचा मेमरीतील पत्ता आणि लांबी घेऊन त्याच जागेवर दशांश संख्यांच्या यादीसारखा फ्लोट६४अ‍ॅरे उभारावा, म्हणजे एकाही बाइटची नक्कल होत नाही.

उत्तर २: सल्ला योग्य आहे, मात्र त्यातील धोका सांगायलाच हवा. रस्टने व्हेक्टरची (निकालाच्या संख्या ठेवणाऱ्या यादीची) मेमरी मोकळी केली, तर त्या जागी भलताच डेटा येऊ शकतो. आणि मेमरी वाढली, तर जुना बफर (जावास्क्रिप्ट ज्यातून ती मेमरी वाचते तो दुवा) निकामी होऊन अ‍ॅरेची लांबी शून्य होते. त्यामुळे असा अ‍ॅरे दरवेळी नव्याने घ्यावा, आणि निकाल टिकवायचा असल्यास स्लाइस या फंक्शनने एकदाच नक्कल करावी. माझ्या मते बहुतेकांनी ही एक नक्कल स्वीकारावी, कारण जेसनच्या तुलनेत ती अगदी स्वस्त पडते.

उत्तर ३: मजकुराचे रूपांतर मात्र अटळ आहे, कारण अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत रस्टमध्ये यूटीएफ-८ असते आणि जावास्क्रिप्टमध्ये यूटीएफ-१६. देवनागरीतील ‘क’ पहिल्यात ३ बाइट घेतो, दुसऱ्यात २.