उत्क्रांतीवरची पुस्तकं : 'युवर इनर फिश'नंतर काय वाचू?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. नील शुबिनचं 'युवर इनर फिश' नुकतंच संपवलं. ट्रान्सहार्बर लोकलला बसायला जागा मिळते म्हणून वाचन होतं, घरी कसलं! पुस्तक झकास आहे, पण त्यापायी घरात वाद पेटलाय. सासरे म्हणतात, माकडाचा माणूस झाला तर येऊरची माकडं अजून माकडंच कशी? मी सांगितलं, आपण आजच्या माकडांपासून झालोच नाही, दोघांचा पूर्वज एक. त्यावर, "म्हणजे आपण पुढे गेलो आणि ती मागे राहिली," म्हणून ते मोकळे. या पुढे-मागेला उत्तर देणारं काही सुचवा. त्यांना मराठीच लागेल. 'सेपियन्स' नको, त्याच्याच जोरावर तर ते बोलतात.

नौपाडेकर
'द बीक ऑफ द फिंच' घ्या. जोनाथन वायनर, १९९४. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या उजाड बेटावर जायचं. फिंच म्हणजे चिमणीसारखे छोटे पक्षी धरायचे, पायात कडं घालायचं, कॅलिपरने चोच मोजायची, सोडून द्यायचं. पुन्हा पुढच्या वर्षी तेच. १९७७ साली पाऊस दगा देऊन गेला. मऊ, बारीक बी आधी संपलं. उरली ती आपल्या गोखरूच्या भाऊबंदांची काटेरी, टणक फळं, आणि ती फोडायला जाड चोच हवी. बहुतेक पक्षी मेले. तगले त्यांत मोठ्या चोचीचे जास्त, आणि त्यांची पिल्लंही तशीच निपजली. फरक किती, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास!

इथवर सासरे म्हणतील, बघा, प्रगती. मग पुढचं वाचून दाखवा. १९८३ला एल निन्योमुळे बेटावर धो धो पाऊस पडला, वेली माजल्या, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि लहान चोचवाल्यांची चलती सुरू झाली. आता यात पुढे कोण आणि मागे कोण? वायनर मधेमधे पाल्हाळ लावतो, ती पानं खुशाल उलटा.

माझा साधा निकष आहे. लेखक चिखलात, उन्हात कोणाबरोबर तरी उभा राहिलाय का? शुबिन आवडला तो त्यामुळेच. मासा पाण्याबाहेर येण्याचा काळ साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा, मग त्या वयाचा खडक उघडा कुठे पडलाय हे आधी शोधलं आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समेअर बेटावर जाऊन २००४ साली टिकटालिक या माशाचा जीवाश्म काढला. सापडला नसता तर? ही जोखीम ज्या पुस्तकात दिसते ते पुस्तक खरं. सगळ्या मानवजातीचा हिशेब एका बैठकीत उरकणारी पुस्तकं मला पचत नाहीत.

मराठीत नंदा खऱ्यांचं 'कहाणी मानवप्राण्याची'. पेशाने इंजिनियर, लिहिणं तिरकस. सासऱ्यांशी पटेल.

पामबीच_पावसाळी
आणि डॉकिन्सचं 'द सेल्फिश जीन' कुणीच कसं म्हणत नाही? १९७६चं आहे, पण अजून त्याला तोड नाही. चिखलात उभं न राहताही विचार करता येतो, नौपाडेकर.

नौपाडेकर
येतो की. पण नावाने घात केला. लोक पुस्तक न वाचताच 'माणूस जन्मजात स्वार्थी' असं ठोकून देतात. तिसाव्या वर्षीच्या आवृत्तीत खुद्द डॉकिन्सनेच लिहिलंय की 'इम्मॉर्टल जीन' हे नाव जास्त बरं झालं असतं. सासऱ्यांच्या हातात ते आत्ताच नको.

त्यापेक्षा स्टीफन जे गूल्डचं 'वंडरफुल लाइफ' (१९८९). जीवसृष्टीची टेप मागे नेऊन पुन्हा वाजवली तर माणूस येईलच असं नाही, हा त्याचा मुद्दा. फक्त एक सांभाळा. त्यातला हॅल्युसिजेनिया हा समुद्रातला प्राचीन काटेरी प्राणी उलटा उभा आहे! पाठीवरचे काटे पाय समजले गेले होते, चीनमधल्या जीवाश्मांमुळे १९९१ साली तो सुलटा झाला. पुस्तक त्यामुळे पडत नाही, उलट मला तरी मजा आली.

दिवा_कोळीवाडा
पुस्तकातलं मला फार कळत नाही, पण पुढे-मागेचं उत्तर खाडीत आहे. ओहोटीला तिवरांच्या कडेला निवट्या मासे बघा. चिखलावर पुढच्या परांवर सरकत चालतात, डोळे डोक्यावर. मधेच एक डोळा खाली ओढून ओला करून घेतात, चिखलात लोळून अंग ओलं ठेवतात. नर ताठ उड्या मारतात, मादीला दाखवायला. फोनवर त्यांचे फोटो फिरतात, "मासा माणूस होतोय". अहो, ती कुठे जायला निघालेली नाही. चिखल तिचंच घर आहे.

नौपाडेकर
+१. निवटीचं कुळही निराळं. आपला वंश ज्या माशांतून आला त्यांत ती बसत नाही, ती आपल्या वाटेने चिखलात आली.

मुग्धा_कळवा
सासऱ्यांना 'सत्तांतर' द्या. माडगूळकरांचं आहे, नाही म्हणणार नाहीत. वानरांच्या टोळीतली सत्तेची मारामारी वाचून झाली की सांगा, सारा ब्लॅफर हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर १९७७ साली पुस्तक लिहिलंय. नवा नर आधीच्याची पिल्लं का मारतो, तर पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते. 'प्रजातीचं भलं' वगैरे कल्पना तिथे गळून पडतात. वाचताना त्रास होतो, आधीच सांगते.

ऐरोलीकर
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांनी 'सत्तांतर' दोनदा वाचलंय म्हणे, तेव्हा खऱ्यांपासून सुरुवात. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात शनिवारी विचारते. मी फिंच मागवलंय. निवट्या बघायला त्यांना नेणार म्हटलं, तर पहिला प्रश्न आला : खायला कशा लागतात?

दिवा_कोळीवाडा
चांगल्या लागतात. घेऊन या त्यांना.